मानधन आधी

जयसिंगपुरात एका गुंतवणूक कंपनीने सभा भरवली आणि सिनेमातला बडा नट अधिराज भोईटे याला बोलावलं. "पाच वर्षांत पैसे दुप्पट, हा माझा शब्द!" तो गरजला. इंदुताई ऐनापुऱ्यांच्या भिशीतल्या चाळीसजणी पेनं काढून अर्ज भरायला बसल्या.

इंदुताई उठल्या. "साहेब, आमच्या भिशीत दुसऱ्याला आणणारा आधी स्वतःचे पैसे ठेवतो. आजचं मानधन तुम्ही याच योजनेत गुंतवलंत का?"

नट ऐटीत हसला. "छे हो! मानधन हातात पडल्याशिवाय मी गाडीतून उतरतच नाही."

ताई बायकांकडे वळल्या. "ऐकलंत? यांनी कंपनीवर तासाभराचा भरवसा ठेवला नाही आणि आपण पाच वर्षांचा ठेवायचा?"

चाळीस पेनांना टोपणं लागली.