साहेबांचा कल्पनाविस्तार

सातवीच्या हुशार मुलांचा जादा तास घेऊन घेऊन दाभाडेबाई थकल्या होत्या. मुलांचा त्यांना त्रास नव्हता. त्रास होता तो दर वर्षी तपासणीला येणाऱ्या नव्या साहेबांना या तासाची गरज पटवून देण्याचा. बाई मुलांना बातम्या, अहवाल, अगदी औषधाच्या बाटलीवरची माहितीसुद्धा वाचायला लावत आणि लिहिताना एकच नियम सांगत: डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच लिहा.

त्या दिवशी तपासणीला आलेले घोरपडे साहेब सकाळपासून मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहे खात बसले होते. बारा वाजता त्यांनी बाईंना बोलावून शेरेबुक पुढे सरकवलं.

"वाचा. हा तास उद्यापासून बंद. अहो, हुशार मुलांना कल्पनाविस्तार शिकवायचा, की ही कारकुनी?"

शेरा होता, 'वर्गात बसून तास पाहिला. मुले कंटाळलेली दिसली.'

बाईंनी चष्मा पुसला. वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"बरोबर आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "आज हा शेराच मुलांना वाचून दाखवते. या खुर्चीवरून न उठता तुम्ही अख्खा वर्ग पाहिलात. कल्पनाविस्ताराचा इतका सुंदर नमुना माझ्याकडे दुसरा नाही."

मुख्याध्यापकांना ठसका लागला. साहेबांनी शेरा खोडला आणि ते मुकाट्याने बाईंच्या मागोमाग वर्गात गेले.

तास संपल्यावर वह्या आल्या. पहिल्याच वहीत लिहिलं होतं, 'साहेब बारा वाजून दहा मिनिटांनी वर्गात आले. त्यांच्या मिशीला ओलं खोबरं लागलं होतं.'

खोबरं बाईंनीही पाहिलं होतं. त्यांनी बरोबरची खूण केली.