पाकशाळा आणि पाठशाळा

गोविंदशास्त्र्यांच्या घरीच पाठशाळा भरे. श्लोक सुरू झाले, की त्यांची विधवा बहीण यमू चुलीपुढून उठून भिंतीला कान लावी. अर्थ कळेना, म्हणून जीव आणखीच तळमळे.

एकदा संस्थानचे राजेसाहेब जेवायला आले. भात वाढता वाढता यमूनं धीर केला.

"दादा, मलाही पाठशाळेत बसू द्या ना."

शास्त्री हसले. "बाईची शाळा एकच, पाकशाळा!"

"आमच्या पाकशाळेतलं तुम्ही रोज पोटभर जेवता," यमू म्हणाली. "मग तुमच्या पाठशाळेतलं मी थोडं घेतलं, तर कुणाचं ताट रिकामं राहील?"

राजेसाहेबांचा घास हातातच राहिला. "शास्त्रीबुवा, द्या उत्तर."

शास्त्री यमूकडे वळले. "उद्यापासून येऊन बस," ते पुटपुटले.

यमूनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आता मात्र तिला एक रात्र सरता सरेना.