भिवराआजीचा विस्तव

काडेपेटी या मुलखात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. पाथरटेक नावाच्या गावात भिवरा नावाची एक बाई राहायची. ऐन उमेदीत नवरा गेला, पोटी मूलबाळ नाही. सासूने मरताना एवढंच सांगितलं, "बये, चुलीतला विस्तव विझू देऊ नकोस." भिवराने त्या शब्दाची पदराला गाठ मारली. निजताना निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे राख सारून फुंकणीने फुंकायचे. तिच्या हातून चूल एकदाही विझली नाही, असं म्हणतात.

बाकीच्यांच्या चुली मात्र सारख्या विझायच्या. मग बाया खापर घेऊन हिच्या दारात. "भिवराकाकू, विस्तव द्या." गावाची रीत अशी, की विस्तव मागायला रिकाम्या हाताने जायचं नाही, उंबऱ्यावर एक गोवरी ठेवायची. आता चिक्कू माणसं कुठे नसतात? ती अर्धीच ठेवायची, तीही ओली. पण भिवराने कुणाला नाही म्हटलं नाही. आदल्या दिवशी भांडून गेलेलीलाही ती सगळ्यात लाल निखारा काढून द्यायची.

तिची इच्छा एकच होती. गावावरच्या सुळक्यावर सुळजाईचं देऊळ. मार्गशीर्षात जत्रा भरली की अख्खं गाव वर जायचं आणि ही चुलीपाशी. देवीचा नंदादीप खालून चांदणीएवढा दिसायचा. त्याच्याकडे बघून ती म्हणायची, "आई, तुझं तोंड बघितल्याशिवाय मला नेऊ नकोस गं. माझा जन्म राख फुंकण्यात गेला." केस पांढरे झाले, लोक आजी म्हणायला लागले, तरी जाणं काही झालं नाही.

शेवटी गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने ठरवलं, यंदा नाही तर कधीच नाही. चूल शेजारच्या कोंडाबाईवर सोपवली. पण कोंडाबाई म्हणजे बोलायला बसली की भात करपवणारी. आजीच्या जिवाला चैन पडेना. तिने चार निखारे मडक्यात राखेत पुरले आणि बरोबर घेतले. लोक जत्रेला नारळ नेतात, ही चूल घेऊन निघाली. बाया हसल्या, तीही हसली.

देऊळ हाकेवर आलं आणि आभाळ फाटलं. अवकाळी पाऊस, त्यात झोंबणारा वारा. लोक धावत वर गेले, म्हातारी मागे राहिली. वाटेत एका धनगराची झोपडी होती. दारात त्याची आई रडवेली उभी होती. "कुणाकडं विस्तव हाय का वो? सून बाळंत झालीया, चुलीत पाणी शिरलंय. लेकरू गार पडाय लागलंय."

आजीने एकदा वर देवळाकडे बघितलं. मग पदर खोचून आत गेली. लाकडं ओली, विस्तव धरेना. ती फुंकत राहिली. ओल्या लाकडावरचा विस्तव म्हणजे तान्हं पोर, त्याला सोडून हलता येत नाही. बाळाला शेक मिळाला, त्याने टाहो फोडला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वर जत्रेचे ढोल वाजत होते. आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती धुराला शिव्या देत होती.

दुसऱ्या दिवशीही लाकडं ओलीच, म्हणून आजी झोपडीतच चुलीपाशी राहिली, आणि पुन्हा वादळ झालं. दिवेलागणीला एक चिंब भिजलेली बाई दारात आली. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, आणि एवढ्या पावसात हातात एक खडखडीत वाळलेली गोवरी.

"भिवरा, विस्तव देतेस का गं? माझा विझलाय."

"कुठल्या बाई तुम्ही?"

"इथलीच, वरच्या अंगाची. वाऱ्यापुढं काही चालत नाही बघ."

"खापर कुठंय तुमचं?"

"पदरात घाल."

"अहो, लुगडं पेटेल."

"तुझ्या विस्तवानं नाही पेटायचं."

आजीने सगळ्यात लाल निखारा पदरात घातला. बाई चढण चढून गेली. "येडीच दिसतेय," असं पुटपुटत आजीने ती गोवरी चुलीत सारली.

सकाळी जत्रा उलगली, आणि आता वर चढायला आजीचे गुडघे तयार नव्हते. तिने आपल्या मडक्यात पुन्हा निखारे भरले, बाळाच्या कपाळाला राख लावली आणि खाली निघाली. देवीचं दर्शन काही झालं नाही म्हणून मन जड होतं. तेवढ्यात वरून उतरणारी माणसं सांगायला लागली. काल वादळात नंदादीप विझला. पुजाऱ्याची चकमक भिजलेली. तो दार ओढून घेऊन बाहेर रडत बसला. थोड्या वेळाने दार उघडून बघतो तर दिवा तेवतोय, आणि देवीच्या पदराला राख लागलीय. पदर हाताला गरम लागत होता.

आजीने वाटेतच मडकं खाली ठेवलं आणि सुळक्याकडे हात जोडले. "माझ्या दारात आली गं माझी आई," म्हणाली, "गोवरी घेऊन, रीत धरून आली. आणि मी तिला येडी म्हटलं."

घरी आली तर कोंडाबाई मान खाली घालून उभी. "बोलता बोलता विझलं बाई." आजीने हसून मडक्यातले निखारे चुलीत ठेवले आणि फुंकणी उचलली. त्यानंतर राख फुंकताना ती ओव्या म्हणायची, असं म्हणतात.

आता पाथरटेकात घरोघरी गॅस आहे. तरी जत्रेच्या दिवशी एक चूल पेटवतात, तिचे निखारे मडक्यात घालून वर नेतात आणि त्यावरच नंदादीप लावतात. जाताना आधी धनगराच्या दारात थांबतात. पुजारी कुंकवाच्या आधी कपाळाला राख लावतो. भिवराआजीचं घर केव्हाच पडलं, उंबरा तेवढा राहिलाय. वर निघताना प्रत्येक घरातून त्या उंबऱ्यावर एक गोवरी ठेवतात. अख्खी ठेवतात, आणि वाळलेली.