झिनीची शेंग आणि कांद्याची गोणी

चिंचेखाली मालधक्का. तिथे मालगाडी भरतात. मालधक्क्यावर कांद्याच्या गोण्या. गोण्यांवर झिनी खार.

झिनीच्या हातात एक शेंग होती. भुईमुगाची शेंग. पिल्लासाठी नेत होती. चिंचेवर पिल्लू भुकेलं होतं.

टप्प. शेंग पडली. गोणीखाली गेली.

"गोणी गोणी, जरा सरक. माझी शेंग मिळेना."

गोणी म्हणाली, "मी किती जड. दगडूकाकांना उचलू दे, मग हलते."

तुरुतुरु, तुरुतुरु. झिनी गेली दगडूकाकांकडे. ते हमाल. डोक्याला टॉवेल बांधून बसले होते.

"काका काका, गोणी उचला. गोणी हलेना, माझी शेंग मिळेना."

काका म्हणाले, "उचलून ठेवू कुठं, बाळा? गाडी येऊ दे, मग उचलतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. मालगाडी लांब उभी होती. सगळे डबे रिकामे.

"गाडी गाडी, धक्क्याला ये. काका उचलेनात, गोणी हलेना, माझी शेंग मिळेना."

गाडी म्हणाली, "समोर लाल दिवा आहे. सिग्नल हिरवा होऊ दे, मग येते."

तुरुतुरु, तुरुतुरु. झिनी खांबावर चढली.

"सिग्नल सिग्नल, हिरवा हो. गाडी येईना, काका उचलेनात, गोणी हलेना, माझी शेंग मिळेना."

सिग्नल म्हणाला, "फाटक उघडं आहे. फाटक लागू दे, मग होतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. फाटकापाशी शेवंतामावशी होत्या. फाटक त्याच लावायच्या.

"मावशी मावशी, फाटक लावा. सिग्नल हिरवा होईना, गाडी येईना, काका उचलेनात, गोणी हलेना, माझी शेंग मिळेना."

मावशी म्हणाल्या, "लावते गं. पण रुळांवर म्हैस बसलीय. ती उठू दे, मग लावते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हशी म्हशी, ऊठ ना. फाटक लागेना, सिग्नल हिरवा होईना, गाडी येईना, काका उचलेनात, गोणी हलेना, माझी शेंग मिळेना."

म्हैस म्हणाली, "उठले असते गं. पण कानात कुसळ गेलंय. मान हलवली की टोचतं."

आता कुणाकडे जायचं? झिनीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग आपले हात पाहिले. इवले इवले हात, बारीक बारीक बोटं.

झिनी म्हशीच्या डोक्यावर चढली. कान केवढा मोठा. आत अंधार. झिनीला थोडी भीती वाटली.

"हलू नकोस हं."

"नाही हलत."

झिनीने कुसळ धरलं. हळूच ओढलं. सुळ्ळकन बाहेर आलं.

"हुश्श," म्हैस म्हणाली. आणि उठली. डुलत डुलत बाजूला गेली.

म्हैस उठली, फाटक लागलं. टण टण टण.
फाटक लागलं, सिग्नल हिरवा झाला.
सिग्नल हिरवा झाला, गाडी आली. खडखड, खडखड.
गाडी आली, काकांनी गोणी उचलली.
गोणी हलली, शेंग दिसली.

"ही बघ तुझी शेंग. घे," दगडूकाका म्हणाले.

गोण्या डब्यांत चढल्या. गाडी हळूहळू निघाली. कांदे गेले लांबच्या गावाला, तिथल्या लोकांच्या भाजीत.

झिनी चिंचेवर गेली.

कट्ट. शेंग फुटली. आत दोन दाणे. एक पिल्लाला, एक झिनीला.