वरच्या देशाची वकील

पाटाच्या अगदी शेपटाला शेलवाडी नावाचे गाव होते आणि त्या गावात तनुजा नावाची एक रागीट मुलगी होती. राग येण्यासारखेच होते. धरणाचे पाणी पाटात सुटले की वरची गावे आधी भिजत, मग मधली. शेलवाडीपर्यंत पोचे ती पाणी सुटल्याची बातमी. वरच्या धोंडेगावचे लोक पाटात चोरून पाइप टाकतात, हे शेलवाडीत तान्ह्या पोरालाही ठाऊक होते.

दरवर्षी जिल्ह्याच्या गावी शाळकरी मुलांची राष्ट्रसभा भरे. प्रत्येकाने एकेका देशाचा प्रतिनिधी व्हायचे, कोट घालायचा आणि मोठ्यांसारखे, म्हणजे ‘माननीय’ म्हणून, भांडायचे. यंदा भांडण एका नदीचे होते. देश चिठ्ठ्या टाकून मिळत. नववीतल्या तनुजाच्या चिठ्ठीत निघाला वरचा देश, धरण बांधून बसलेला.

“बाई, मी चोरांची वकिली करणार नाही!” तिने चिठ्ठी टेबलावर आपटली.

सोनटक्केबाईंनी वह्यांतून मान वर केली नाही. “नको करूस. आठवीतली मुलगी पाठवते.”

तनुजाने निमूट भाषण लिहून आणले. त्यात वरच्या देशाचा प्रतिनिधी उभा राहून स्वतःच कबूल करत होता की आम्ही लबाड आहोत.

बाईंनी ते वाचले. “छान. असा वकील मिळाला तर न्यायाधीशाला कामच उरणार नाही. या चोरांपैकी कुणाला भेटलीयस कधी?”

“चोराला काय भेटायचंय?”

“मग हे लिहिलंस कशावरून?”

तनुजा रागारागाने सायकलवर धोंडेगावला गेली. तिला पुरावाच आणायचा होता. पुरावा पाटात लोंबकळतच होता आणि त्याच्याजवळ गेनूनाना नावाचे एक म्हातारे बसले होते.

“शेलवाडीची का गं? मोजून घे. तीन पाइप आहेत, हा माझा.”

“लाज नाही वाटत, नाना?”

“वाटते की.” नानांनी धरणाकडे हात केला. “त्या पाण्याखाली माझं सोळा एकर रान आहे. देऊळ आहे, घर आहे. आमचं गाव बुडवलं, पाटाच्या काठावर नवं वसवलं आणि पाणीवाटपाच्या यादीत आमचं नाव घालायचं विसरले. चाळीस वर्षं दारावरून तुमचं पाणी जाताना बघतोय. आता तूच सांग पोरी, चोर कोण?”

तनुजाने सायकल फिरवली. नानांच्या प्रश्नाचा तिला आणखीच राग आला. घरी येऊन तिने भाषण फाडले आणि पुढचे दोन आठवडे वरच्या गावांतली दारे ठोठावली. वरच्यांना काय हवे ते तिने वरच्या देशाची मागणी म्हणून लिहून घेतले. बदल्यात काय सोडतील तेही विचारले. हक्काचा वाटा मिळाला तर पाण्याची पाळी शेपटापासून सुरू करायला, म्हणजे पहिले पाणी शेलवाडीला द्यायला, ते तयार होते. खालच्या देशाने मागितले की द्यायची, म्हणून ही सवलत तिने फायलीत तयार ठेवली.

सभेत खालच्या देशातर्फे निहार नावाचा मुलगा उभा राहिला. कोट नवा, आवाज खणखणीत, तयारी शून्य.

“वरचे लोक चोर आहेत! लबाड आहेत!” तो गरजला. टाळ्या पडल्या.

मग तनुजा उठली. तिने बुडालेली गावे सांगितली, यादीतून गळलेली नावे सांगितली, हक्काचा वाटा मागितला. शेवटी निहारकडे वळून तिने विचारले, “माननीय प्रतिनिधींना नेमकं काय हवं आहे?”

निहारने कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. “न्याय!” तो म्हणाला आणि खाली बसला.

सभेने वरच्या देशाचा वाटा एकमताने मंजूर केला. खालच्या देशाने काही मागितलेच नव्हते, त्यामुळे त्याला काही मिळाले नाही. सवलत फायलीतच राहिली. बक्षिसाची ढाल तनुजाला मिळाली.

ती व्यासपीठावरून उतरताच निहार हसत पुढे आला. “काय बोललीस! तू वरचीच का गं?”

“शेपटाची आहे मी!” तनुजा कडाडली. “माझ्या गावाची बाजू होती ती, आणि तू तिची माती केलीस. शिव्या कसल्या देत बसलास? पाणी मागायचं होतंस ना, शहाण्या!”

तात्पर्य: समोरच्याचे म्हणणे जाणून न घेता भांडणारा आपली खरी बाजूही हरवून बसतो, शिव्यांना टाळ्या मिळतात, पाणी मिळत नाही.