समुद्र लेकीकडे जेवत नाही

एकदा काय झालं... यमे, पाय आत घे आधी. सगळं पांघरूण तूच ओढलंस तर दिगूनं काय करायचं? हं. तर एकदा काय झालं, समुद्राच्या कडेला एक गाव होतं. पुळणवाडी त्याचं नाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे वाळूचा एवढासा पट्टा. त्या पट्ट्यावर माडांच्या सावलीत थोडी घरं होती.

तेव्हाचा समुद्र आत्तासारखा नव्हता बरं का. त्याला भरती-ओहोटीचा काही धरबंध नव्हता. त्याचं असं, की चांदोबा हा समुद्राचा मुलगा. त्याच्या पोटात वाढला, आणि मोठा झाल्यावर गेला निघून आभाळात. मग म्हातारा पडला एकटा. मुलगा रोज डोक्यावरून जायचा, पार पलीकडच्या टोकाला टेकायचा आणि एक शब्द न बोलता दिसेनासा व्हायचा. बाप आपला उड्या मारायचा. हात काही पोचायचा नाही. मग तो चिडायचा, आणि चिडला की त्याला भूक लागायची. भूक लागली की समोर दिसेल ते खायचा. आणि समोर काय होतं? पुळणवाडी.

पहिल्या वर्षी त्यानं किनाऱ्यावरचे माड खाल्ले. गावकऱ्यांनी नारळ वाहिला, हात जोडले. त्यानं नारळ गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. दुसऱ्या वर्षी होड्या ओढून ठेवायची सगळी पुळण खाल्ली. गावकऱ्यांनी दगडांचा बांध घातला. तो त्यानं पापडासारखा मोडला. मग तिसऱ्या वर्षी वादळ घेऊनच आला आणि घरांना लागला. कुणाची पडवी गेली, कुणाचा गोठा गेला. तेव्हा मात्र लोकांनी बोचकी बांधली.

जो तो निघाला. कुणी बायकोच्या माहेरी, कुणी भावाकडे, कुणी मामाकडे. ज्याला त्याला कुणी ना कुणी होतं. नव्हतं ते एका सगुणाला. तिला आई नव्हती, बाप नव्हता, भाऊ नव्हता, मूलबाळ नव्हतं. नवरा मिठाचे बैल घेऊन घाटावर गेला होता तो गेलाच. आता ती कुणाच्या दारात जाणार?

जाताना प्रत्येक बाई तिच्या दाराशी थांबली. 'चल आमच्याबरोबर' असं म्हणायला थांबली असेल, असं वाटलं ना तुम्हाला? सगुणालाही तसंच वाटायचं. बिचारी लगबगीनं बाहेर यायची. आणि ती बाई म्हणायची, "सगुणे, तू आहेसच इथं, तर तेवढं माझ्या तुळशीला पाणी घाल हो." असं म्हणून चालू लागायची. सगळ्यात शेवटी आली आवडाकाकू. हिचं घर अगदी समुद्राच्या तोंडाशी. ही सगुणाला पाण्यात पाहायची. मूल नाही म्हणून चारचौघांत नको ते बोलायची. तिनंही सांगितलं, "माझी तुळस वाळवू नकोस म्हणजे झालं."

मग गावात राहिली एकटी सगुणा. सकाळी उठायची, घागर भरायची आणि घरोघर फिरायची. दारं बंद, चुली गार, कुत्रंसुद्धा नाही. प्रत्येक अंगणात तुळशीला पाणी घालायची, आणि मोठ्यानं विचारायची, "काय वहिनी, आज काय केलंत जेवायला?" कोण बोलणार? मग पुढच्या घरी जायची. आवडाकाकूच्या तुळशीशी आली की तोंड वाकडं करायची, पण पाणी घालायची.

रोज समुद्र थोडा जवळ यायचा. सगुणाला तो दिसत होता. पण तिच्याकडे ते घर तेवढं होतं. ते गेलं की तिचं असं काहीच उरणार नव्हतं.

अशात दिवाळी आली. भाऊबीज आली. ज्या बाईला भाऊ नसतो ती काय करते, आठवतंय का रे दिगू? बरोबर, चंद्राला ओवाळते. सगुणा लहानपणापासून ओवाळायची. त्याही दिवशी तिन्हीसांजेला तिनं न्हाऊन धुवट लुगडं नेसलं. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता घेतल्या आणि ती पुळणीवर जाऊन उभी राहिली. बीजेची कोर, ती! समुद्रावर अगदी खाली टेकत आलेली. सगुणानं ओवाळलं, अक्षता टाकल्या. आणि काय चमत्कार, चांदोबा बोलला.

"सगुणे, इतकी वर्षं ओवाळतेस, आणि मी तुझ्या ताटात कधी काही टाकलं नाही. आज माग."

आता तुम्ही काय मागितलं असतं? समुद्राला मागं हटव म्हणाला असता. हो ना? सगुणाच्या ते मनातच आलं नाही. तिच्या मनात एकच सलत होतं. ती म्हणाली, "दादा, माझ्या दारात माहेरचं माणूस कधी आलं नाही रे. सगळ्यांकडे येतं. एकदा कुणीतरी यावं. बसावं, चौकशी करावी. बस एवढंच."

चांदोबाचं तोंड आधीच एवढंसं, ते आणखी उतरलं. तो म्हणाला, "मीही किती दिवसांत बाबांशी बोललो नाही बघ. आज बोलतो. त्यांना तुझ्याकडे पाठवतो." आणि गेला पाण्याआड.

सगुणा घाईघाईनं घरी आली. घरात होते चार तांदूळ, ते शिजत घातले. पाट मांडला, तांब्या भरून ठेवला. आणि दारात बघते तो काय, पांढरी शुभ्र दाढी, अंगाला खारट वास, आणि मागं सगळा समुद्र. तो तिच्या अंगणात उभा होता.

कुणीही पळालं असतं. सगुणा पळाली नाही. ती पाया पडली आणि म्हणाली, "या बाबा. पाय धुवा, पाटावर बसा. भात होतोच आहे."

समुद्रानं एक पाय उचलला, आणि उंबऱ्याशी थबकला. "तू सगुणा? चांद म्हणाला ती? माझ्या मुलाला ओवाळतेस, म्हणजे तू माझी लेक झालीस." मग त्यानं विचारलं, "पोरी, तुला मूल आहे का?"

सगुणानं मान खाली घातली. म्हणाली, "नाही हो बाबा."

"मग मला तुझ्या घरचा घोटसुद्धा चालायचा नाही," समुद्र म्हणाला.

पूर्वी असंच होतं बरं का. लेकीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या सासरी जेवायचा नाही. माझे बाबा यायचे ना, ते बाहेर ओट्यावर बसायचे. कोसभर उन्हातून चालत आलेले असायचे, पण पाणी घ्यायचे नाहीत. तुमचा बाप जन्मला तेव्हा कुठं घरात येऊन जेवले. मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

तर समुद्र म्हणाला, "लेकीच्या सासरचं मी काही खाणार नाही. पण तुझं सासर कुठवर आहे ते सांग. तेवढं सोडतो. बाकीचं खातो, मला भूक लागलीय."

आता बघा हं. सगुणा म्हणू शकली असती, 'हे घर तेवढं माझं.' तिला 'चल' कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. पण ती म्हणाली, "बाबा, मी जिथवर तुळशीला पाणी घालते, तिथवर माझं सासर."

समुद्र तुळशी बघत मागं मागं गेला. हे घर, ते घर, पलीकडचं घर. शेवटी आवडाकाकूच्या अंगणात आला. तुळस हिरवीगार! तिच्यापुढं जाऊन उभा राहिला बिचारा, उपाशी. तिथून हाक मारून म्हणाला, "पोरी, अमावास्येला आणि पौर्णिमेला येत जाईन. उंबऱ्याशी उभा राहीन, विचारपूस करीन आणि जाईन."

आणि तसाच यायला लागला. त्याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमाराला लांबच बसतो, त्याला कोळी भांग म्हणतात. आणि बाप लेकीकडे रिकाम्या हातानं येईल का? येताना ओंजळ ओंजळ वाळू आणायचा. हळूहळू पुळण भरली, माड रुजले. ते ऐकून लोक परतले. आवडाकाकू आली, तुळस बघितली, आणि सगुणाच्या घरी पेजेचं भांडं ठेवून गेली.

प्रत्येक उधाणाला समुद्र उंबऱ्याशी यायचा. "पोरी, मूल झालं का?" सगुणा म्हणायची, "नाही हो बाबा, अजून नाही." मग तो मुकाट्यानं मागं फिरायचा. सगळा गाव दाराआडून ऐकायचा आणि सुटकेचा श्वास टाकायचा. सगुणा आत येऊन एकटीच जेवायची. एवढा गाव भरला होता, पण त्या दोन दिवशी तिला घास गिळवायचा नाही.

मग एका पावसाळ्यात खाडीला महापूर आला. वरची गावंच्या गावं धुतली. पुरात एक लाकडी काथवट वाहत आली, भाकरीचं पीठ मळायची, आणि तिच्यात इवलीशी मुलगी. काथवट लागली सगुणाच्या दाराशी. सगुणानं पोरीला उचललं ते खाली ठेवीचना. बायका धावल्या, "सगुणाला मूल झालं, सगुणाला मूल झालं!" आणि एकदम गप्प झाल्या. मूल झालं म्हणजे? म्हणजे समुद्र जेवायला येणार!

लोक म्हणाले, "सगुणे, देऊन टाक कुणाला तरी." सगुणा पोरीला छातीशी धरून बसली. मग म्हणाली, "ही माझी नव्हे. माझ्या भावाची, चांदोबाची लेक. मी हिची आत्या."

पोरीचं नाव ठेवलं कवडी. सगुणा तिला न्हाऊ घालायची, भरवायची, अंगाई म्हणायची, आणि शंभरदा शिकवायची, "आत्या म्हण. म्हण बरं, आत्या." सगळा जन्म जो शब्द ऐकायला ती आसुसली होती, तोच पोरीच्या तोंडी येऊ द्यायचा नव्हता.

असं करता करता कवडी वर्षाची होत आली, आणि आली एक पौर्णिमा. भरतीला समुद्र उंबऱ्याशी उभा. आत सगुणा, तिच्या मांडीवर कवडी. त्यानं विचारलं, "पोरी, मूल झालं का?"

सगुणा म्हणाली, "नाही हो बाबा, अजून नाही."

आणि मांडीवरून कवडी म्हणाली, "आई."

पहिलाच शब्द! स्वच्छ, खणखणीत. दाराआड सगळा गाव गारठला. आवडाकाकूनं तर डोळेच मिटून घेतले. सगुणानं पोरीला पदराखाली घेतलं.

समुद्र त्या पदराकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हातारा झालो गं पोरी. लाटांच्या आवाजात हल्ली ऐकूच येत नाही. नाही म्हणालीस ना? बरं तर, येतो मी."

आणि गेला मागं. सगुणा भीत भीत उंबऱ्यापाशी गेली. वाळू होती, शंख होते, नेहमीसारखे. आणि मधोमध दोन बांगड्या होत्या, शिंपल्याच्या. सगुणानं हातात घालून बघितल्या. तिची दोन बोटंसुद्धा त्यात जाईनात. कवडीच्या मनगटात मात्र अगदी बरोबर बसल्या.

मग काय, कवडी तिला आईच म्हणाली, जन्मभर. सगुणाचं घर नांदतं झालं, पुळणवाडी सुखात राहिली. समुद्र मात्र अजून जेवलेला नाही. नातवंड आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी उंबऱ्याशी येतो, विचारतो आणि उपाशी परत जातो. तो ऐका, बाहेर घुमतोय. घाबरायचं नाही, तो आत यायचा नाही. दिगू झोपला वाटतं. यमे, तूही मीट डोळे, आणि पांघरूण दे त्याला थोडं.