धाकटी बॅटरी खरं बोलली

डोंगरातल्या एका गावात पहिली विजेची गाडी आली, तेव्हाची ही गोष्ट. गाडी नर्स कुंदाताईंची. तिच्यात दोन बॅटऱ्या होत्या. थोरली चाकं फिरवायची. धाकटी दिवे लावायची आणि खटका दाबून थोरलीला उठवायची.

एका सकाळी वरच्या पाड्यावर बाळंतपण अडल्याचा निरोप आला. कुंदाताई धावत येऊन बसल्या, पण गाडी ढिम्म हलेना. आतला दिवा दोन दिवस चालू राहिला होता आणि धाकटी पार रिकामी झाली होती.

"मोठी बॅटरी उतरली वाटतं," असं म्हणत कुंदाताईंनी चार्जर लावला. काहीच झालं नाही. धाकटीला सगळं कळत होतं. पण एवढ्याशा दिव्यानं आपण संपलो, हे सांगायची तिला लाज वाटत होती. मग तिला पाड्यावरची ती बाई आठवली.

"ताई, थोरली भरलेली आहे," ती क्षीण आवाजात म्हणाली. "संपलेय ती मी."

शेजारचा म्हातारा ट्रॅक्टर लगेच गुरगुरला, "अगं, मग आधी बोलायचंस ना! ताई, माझ्या बॅटरीच्या तारा जोडा तिला."

तारा जोडल्या. धाकटीच्या अंगात जीव आला. तिने सारं बळ एकवटून खटका दाबला. टक्‌! थोरली खडबडून जागी झाली आणि गाडी सुसाट घाट चढली.

दुपारी झोपडीतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा धाकटीने अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असा हॉर्न वाजवला.